खालच्या वस्तीची चावी

सकाळी सव्वासहा वाजता चावीकाकूनं खालच्या वस्तीला पाणी सोडायची चावी बंद करायला म्हणून डावीकडे फिरवली. चावी बंद झाली नाही. होती त्याहून जास्त, अगदी पूर्ण उघडली. टाकीच्या तळाचा गाळ त्या वाटेनं खाली निघाला आणि घराघरांतल्या नळांना पोहोचला. काकूला हे कळायला पाऊण तास गेला.

टाकी टेकडीवर आहे, दोन कप्प्यांची. एका कप्प्यातलं पाणी वरच्या वस्तीला जातं, दुसऱ्यातलं खालच्या. हे कप्पे आळीपाळीनं धुतात आणि धुण्याची एक रीत ठरून गेलेली आहे. कप्प्यातलं चांगलं पाणी गटारात सोडायचं नाही. ते सकाळी नेहमीपेक्षा लवकर नळाला द्यायचं, लोकांना भरू द्यायचं. गुडघाभर उरलं की वस्तीची चावी बंद करायची. मग धुणारे आत उतरतात, तळ घासतात, आणि गढूळ झालेलं पाणी गटाराकडच्या चावीनं बाहेर काढतात. एवढं केलं की थेंबही फुकट जात नाही आणि गाळही कुणाच्या घरी जात नाही. सगळं त्या एका चावीवर अवलंबून.

ही चावी आठवड्यापूर्वीच नवी बसवली होती. आधीची जुनी चावी जगावेगळी होती. बाकीच्या सगळ्या चाव्या उजवीकडे फिरवल्या की बंद होतात, ती डावीकडे व्हायची. कुणी बसवली, का बसवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूचा नवरा हयात असताना तिथला चावीवाला होता. त्याचा डबा घेऊन काकू टेकडी चढायची तेव्हा त्यानं तिला गंमत म्हणून ती चावी दाखवली होती. "ही आपल्या आईसारखी," तो म्हणाला होता. "सगळं जग उजवीकडे जाईल, ही डावीकडे." तो गेल्यावर नोकरी काकूला मिळाली. पहिल्या दिवशी तिला कामातली हीच एक गोष्ट येत होती.

नवी चावी बसवताना ती हजर होती. फिटरनं तिच्यादेखत फिरवून दाखवली. "आता हीसुद्धा उजवीकडे. चारचौघींसारखी झाली." काकू हसली होती. घरी सासूलाही तिनं हे सांगितलं होतं. आठवडाभर, आणि त्या पहाटे उघडतानाही, मनाशी बाजू म्हणत तिनं ती बरोबर फिरवली होती. डोक्याला सगळं माहीत होतं. पण सकाळी सव्वासहाला, थंडीत, चावीच्या खड्ड्यावर ओणवं होऊन लांब लोखंडी दांडा तिनं चावीवर बसवला तेव्हा फिरवलं ते हातांनी. आणि हात सात वर्षं डावीकडेच फिरवत आले होते.

चावी तोवर अर्धीच उघडी होती, कारण खालचे पाइप जुने आहेत, पूर्ण जोर त्यांना सोसत नाही. तिनं फिरवली, फिरवली, आणि शेवटी ती घट्ट बसली. पूर्ण उघडलेली चावी पूर्ण बंद झालेल्या चावीसारखीच घट्ट बसते. हाताला फरक कळत नाही.

"उतरा आत," तिनं वर हाक मारली.

टाकी धुणारे दोघे भाऊ गमबूट चढवून, झाडू घेऊन आत उतरले. थोरला कामात कधी बोलत नाही. धाकटा कधी गप्प बसत नाही. आतून त्याचं गाणं टाकीच्या भिंतींवर आपटून चौपट मोठं होऊन बाहेर येत होतं. काकूनं शेडमध्ये चहा ठेवला. तिघांचा चहा पिऊन झाला, ते दोघे पुन्हा आत गेले, आणि थोड्या वेळानं धाकट्यानं शिडीवरून डोकं बाहेर काढलं.

"काकू, गटाराची चावी कधी उघडलीत? सांगायचं तरी. पाणी गेलंसुद्धा सगळं."

"मी कुठं उघडली? घासून झालं की हाक मारतो म्हणाला होतास ना?"

"मग पाणी गेलं कुठं? आम्ही घासतोय आणि ते आपलं आपण उतरतंय. मला वाटलं, काकू आज फार घाईत आहेत."

काकू गटाराच्या तोंडाशी गेली. गटार कोरडं होतं. तिला आधी वाटलं, टाकीलाच कुठं तडा गेला. मग तिची नजर चावीच्या खड्ड्याकडे गेली. दांडा तसाच उभा होता. तिनं तो कोणत्या बाजूनं फिरवला होता हे आठवायला तिला डोक्याला ताण द्यावा लागला नाही. तिनं दोन्ही हात हवेत धरले आणि ते आपसूक डावीकडे फिरले.

तिनं दांडा धरला आणि उजवीकडे, उजवीकडे, अंगातलं सगळं बळ लावून उजवीकडे फिरवत चावी बंद केली.

धाकटा खाली उतरून आला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला सगळं समजलं.

"म्हणजे आपण घासलं ते सगळं..."

"खाली गेलं."

"अरे बाप रे." त्यानं वर टाकीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, ऐका. चावी नवी आहे ना? खराब निघाली म्हणा. बंद केली पण धरली नाही. नव्या मालाचं असं होतं. कुणीही मानेल."

थोरला शिडीवरूनच बोलला. त्या सकाळचं त्याचं हे पहिलं वाक्य. "गप्प बस. त्यांना ठरवू दे."

काकूनं फोन काढला. पाणीपुरवठ्याचे साहेब तरुण होते, वर्षभरापूर्वीच आलेले. लवकर उठणारे. पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"साहेब, टाकीवरून बोलते. ती नवी चावी आहे ना खालच्या वस्तीची..."

"काय झालं? गळते का?"

धाकटा तिच्याकडे बघून मान हलवत होता. हो म्हणा, हो म्हणा.

"नाही. चावी चांगली आहे. मी उलट्या बाजूनं फिरवली. धुण्याचं पाणी वस्तीत गेलं, साहेब. पाऊण तास."

साहेब म्हणाले, "आता बंद आहे?"

"आता बंद आहे."

"ठीक. बाकीचं नंतर. तुम्ही आधी वस्तीत जा. पिऊ नका, एवढंच सांगा सगळ्यांना. मी तपासणीच्या बाटल्या घेऊन येतो. आणि ते पाळणाघर बघा. त्यांचा पंप थेट नळाला लावलेला आहे. वरच्या टाकीत काय चढलं ते कुणाला दिसत नाही."

हे काकूच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांच्या बादलीत गढूळ पाणी पडलं त्यांनी ते बघितलं असणार. पण पाळणाघराच्या छतावरच्या काळ्या टाकीत गढूळ पाणी पडलं, तर ते तिथं शांत बसणार, गाळ खाली बसणार, आणि वरचं नितळ पाणी खालच्या नळाला येणार. आठ वाजता मुलं येतात. आल्याबरोबर बाटल्या भरून एका ओळीत ठेवतात.

धाकट्यानं दुचाकी काढली. काकू मागे बसली. उतारावर तिनं त्याला तीनदा सांगितलं, हळू चालव. आणि चौथ्यांदा सांगितलं, जरा जोरात.

वस्तीच्या तोंडाशी घंटागाडी उभी होती. गाडीचा भोंगा रोजचं ध्वनिमुद्रित बोलणं बोलत होता, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. घंटागाडीवाल्यानं काकूला बघून हात केला.

"काय काकू, आज स्वतः कचरा टाकायला?"

"तुझा माईक दे."

"माईक? तो साहेबांच्या परवानगीशिवाय..."

"दे म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून त्यानं ध्वनिमुद्रण बंद केलं आणि माईक तिच्या हातात दिला. काकूनं आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. तिनं तो तोंडाला इतका जवळ धरला की पहिलं वाक्य नुसतंच खरखरलं.

"...पाणी पिऊ नका! आज सकाळी नळाला आलेलं पाणी कुणी पिऊ नका! टाकीचा गाळ आलाय त्यात! भरलेलं पाणी ओतून द्या! सगळं ओतून द्या!"

खिडक्या उघडल्या. शिंपी दारात आला, तोंडात टूथब्रश तसाच. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "काकू, आम्ही तर पहाटेच भरून ठेवलं होतं, नळ आल्या आल्या. तेही ओतायचं?"

"सगळं ओता! काही ठेवू नका!"

"गाळ आला कसा पण? कुणी सोडला?"

काकूच्या हातात माईक चालूच होता. तिनं तो खाली केला नाही.

"मी. मी चावी उलट्या बाजूनं फिरवली."

भोंग्यातून ते वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. कुठूनसा हसण्याचा आवाज आला. शिंप्यानं ब्रश तोंडातून काढला. "वा! आमच्या नळाखाली बादली भरून वाहिली तर ही बाई आम्हाला झाडते. आणि आज स्वतः चिखल पाजते."

"पाजला नाहीये अजून," काकू म्हणाली. "तोंड धुतलंस का त्या पाण्यानं? चूळ भरून थुंक नीट. गिळू नकोस."

तो आत पळाला.

गाडी गल्लीतून पुढे सरकत होती, काकू तिच्या पायरीवर उभी राहून बोलत होती, आणि घराघरातून पाणी ओतल्याचे आवाज येत होते. पिंपं, बादल्या, डेचक्या. दारांपुढची गटारं भरून वाहायला लागली. त्या वस्तीत एवढं पाणी एका वेळी ओतलेलं कुणी बघितलं नव्हतं. उघडा राहिलेला नळ दिसला तर काकू अनोळखी घरातही शिरायची आणि बंद करून यायची. सात वर्षं हेच करत आली होती. आज तीच भोंग्यावरून सांगत होती, ओता.

पाळणाघर गल्लीच्या शेवटी. आठ वाजायला अजून अवकाश होता, पण फाटक उघडं होतं आणि दोन मुलं आईचा हात धरून आत जाताना दिसली. काकू गाडीवरून उतरून धावली. फाटकाजवळ थांबून तिनं कान दिला. पंपाचा आवाज येत नव्हता. चालून बंद झाला असेल तर आता काय ऐकू येणार?

पाळणाघरवाल्या बाई बाटल्यांची रांग लावत होत्या. काही बाटल्या भरलेल्या होत्या.

"त्या बाटल्या ठेवा खाली!" काकू म्हणाली. "पंप कधी लावला होता?"

"अहो, आधी श्वास घ्या. कसला पंप?"

"पाण्याचा पंप! आज सकाळी! वर टाकीत चढवलं का पाणी?"

"आज नाही लावला."

"नक्की?"

"मी लावते ना तो, मला नक्की नसायला काय झालं? वरची टाकी अर्धी आहे अजून. अर्ध्याच्या खाली गेल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही. मुलांचे हात धुतलेलं पाणी मी झाडांना घालते, म्हणून ती टाकी पुरते मला. हसतात पालक. म्हणतात, बाई फार चिक्कू." त्यांनी काकूच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "काय झालंय?"

काकूनं सांगितलं. सांगता सांगता ती शेजारच्या खुर्चीवर बसली. खुर्ची चार वर्षांच्या मुलाची होती. तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"काकू, ती मोडेल हं," बाई म्हणाल्या. पण त्यांनी तिला उठवलं नाही. खबरदारी म्हणून भरलेल्या बाटल्या बाजूला केल्या आणि बाहेरून येणाऱ्या नळाचा खटका फिरवून बंद केला. मघाची दोन मुलं समोर उभी राहून काकूकडे बघत होती. त्यातल्या मुलीनं आईला विचारलं, "ही पण इथं राहणार?"

काकूचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा तिच्या स्वतःच्या घरी अडकला होता.

तिचं घर याच वस्तीत. घरात फक्त सासू. वय झालेलं, पोट नाजूक, महिन्यापूर्वीच दवाखान्यातून घरी आणलेली. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं होतं आणि सासूनं ते उडवून लावलं होतं. "माझी सून अख्ख्या वस्तीला पाणी सोडते," ती डॉक्टरांना म्हणाली होती. "तिच्या हातचं पाणी मी उकळू? लोक काय म्हणतील?"

दार उघडंच होतं. सासू ओट्याशी स्टुलावर बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. रागावली की ती सुनेला अहोजाहो करते. "साऱ्या गावाला भोंग्यावर ऐकवून झालं? आता घरच्यांना सांगायला आलात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा."

"आई, पाणी प्यायलात का?"

"प्यायले की. गोळी काय कोरडी गिळू?"

"कधी?"

"रोजच्या वेळेला."

"आई, कधी? उजाडलं होतं का?"

"ओरडू नका. उजाडायचं होतं. तुम्ही टाकीवर गेलात, नळ आला, मी पेला भरला आणि गोळी घेतली. पाणी स्वच्छ होतं. नितळ. तुमच्या टाकीचं असतं तसं."

काकूनं मनाशी वेळ लावून बघितली. तोवर चावी अर्धी उघडी होती, नळाला वरचं चांगलं पाणी जात होतं. ती तिथंच जमिनीवर बसली. सासूनं तिच्याकडे बघितलं आणि तिचा राग जरा उतरला.

"मग नंतर गढूळ यायला लागलं," ती म्हणाली. "मी नळ बंद केला."

"गढूळ दिसलं तर शेजारी सांगायचं नाही का?"

"काल तूच म्हणालीस ना, टाकी धुणार आहोत? मला वाटलं, धुताहेत. तुला ठाऊकच असेल."

सासूनं पिंपावर हात ठेवला. पिंप भरलेलं होतं.

"हे मी ओतलं नाही," ती म्हणाली. "आणि ओतणारही नाही. हे पहाटेचं आहे. आणि त्या बादलीतलं गढूळ आहे, तेही ठेवलंय. पिऊ नका म्हणालीस ते बरोबर. पण ओता कशाला म्हणालीस गं? संडासात काय गुलाबपाणी घालायचं? आता दिवसभर त्या सगळ्यांनी काय करायचं, टाकी तर रिकामी!"

काकूनं डोक्याला हात लावला. साहेबांनी सांगितलं होतं, पिऊ नका, एवढंच सांगा. एवढंच. तिनं वर आपल्या मनानं जोडलं होतं. आणि लोकांनी पहाटेचं चांगलं पाणीसुद्धा ओतलं होतं, तिच्या शब्दाखातर.

ती पुन्हा गाडीकडे पळाली. भोंगा गल्लीतून उलट फिरला. "ज्यांनी अजून ओतलं नसेल त्यांनी ओतू नका! धुण्याला, संडासाला वापरा! पिऊ नका, पण ओतू नका!"

"काकू, एकदा काय ते ठरवा!" वरच्या मजल्यावरची बाई ओरडली. तिचा हंडा रिकामा होऊन कठड्यावर पालथा पडला होता.

शिंप्यानं मात्र दारातूनच दोन भरलेल्या बादल्या दाखवल्या. "मी आळशी माणूस. ओतायचा कंटाळा केला. आता माझी बायको माझी पूजा बांधेल."

साहेब आले तेव्हा त्यांच्याबरोबर पाण्यात टाकायच्या औषधाचा डबा आणि पाच बाटल्यांचं खोकं होतं. बोटाएवढ्या बाटल्या, तळाशी थोडी पूड. यात पाणी भरून उबेला ठेवायचं. पाणी खराब असलं तर दोन दिवसांच्या आत काळं पडतं. चांगलं असलं तर पिवळसरच राहतं. साहेबांनी गल्लीकडे, भरून वाहणाऱ्या गटारांकडे बघितलं आणि म्हणाले, "हे ओतायला कुणी सांगितलं?"

"मीच."

साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. "ठीक. दुसरा कप्पा भरलेला आहे. वरच्या वस्तीचा. आज दोघांनाही त्यातलंच देऊ, वरच्यांना निम्मं. वरचे शिव्या देतील, त्या मी खाईन. पण आधी पाइप धुवायचे. गाळ आत बसलेला असणार."

पाइप धुवायला वस्तीच्या सखल टोकाची चावी उघडतात आणि पाणी वाहू देतात. काकूनं आधी दारोदार जाऊन सांगितलं, "ते पाणी प्यायचं नाही, पण रिकामी भांडी घेऊन या." फिटरनं टेकडीवरून दुसऱ्या कप्प्याचं थोडं पाणी सोडलं, लोक आले. पहिल्यांदा चहासारखं पाणी आलं, मग पांचट चहासारखं फिकट, मग साधं. घंटागाडीवाल्यानं रांग लावली. धाकटा भाऊ बादल्या उचलून देत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, दुधाचा हवा की कोरा. एक बादलीही रस्त्यावर सांडली नाही.

दुपारी, औषध टाकून झाल्यावर, साहेब काकूला घेऊन टेकडीवर आले. दुसऱ्या कप्प्याचं पाणी आता पिण्यासाठी खालच्या वस्तीकडे वळवायचं होतं. पाइप धुऊन झाल्यावर चावी बंद करून फिटर तिथंच थांबला होता. त्यानं दांड्याला हात घातला.

"तू नको," साहेब म्हणाले. "काकूंना करू दे."

"साहेब, आज राहू द्या," काकू म्हणाली. "माझ्या हातांचा भरवसा नाही."

"म्हणूनच म्हणतो. आज नाही फिरवली तर उद्या हात आणखी घाबरतील."

काकूनं दांडा धरला. उघडायची म्हणजे आता डावीकडे. तिचा हात निघाला तो उजवीकडे, जुन्या सवयीनं. ती थांबली. दांडा सोडला. तळहात अंगावरच्या कपड्याला पुसले आणि तोंडानं मोठ्यानं म्हणाली, "उघडायची डावीकडे." आणि डावीकडे फिरवली. अर्धीच. पाण्याचा आवाज पाइपात शिरला. परत निघताना साहेब एवढंच म्हणाले, "मला हे वर लिहून कळवावं लागेल, काकू. वरचे काय ठरवतील ते मी सांगू शकत नाही. पण फोनवर पहिल्या वाक्यात तुम्ही खरं सांगितलंत, हेही लिहीन."

"दुसऱ्या," काकू म्हणाली. "पहिलं वाक्य वेगळं होतं."

साहेबांना त्याचा अर्थ लागला नाही.

वस्तीत आलेल्या पाण्याला औषधाचा वास होता. कुणी तक्रार केली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईनं पेला नाकाशी धरून सांगितलं, "आज वास आला की बरं वाटतंय." साहेबांनी पाच नळांचं पाणी बाटल्यांत घेतलं, आणि काकू घरोघर विचारत गेली, सकाळी गढूळ पाणी कुणी प्यायलं का? कुणीच नाही. कुणी बघितलं आणि टाकलं, कुणी आधीच भरलं होतं, कुणाच्या नळाला तेवढा जोरच नव्हता. एक दार राहिलं होतं.

ते रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचं. एकटा माणूस. सकाळी कामावरून येतो, दिवसभर झोपतो. गल्लीचा आवाज नको म्हणून कानात कापूस घालतो. भोंगा त्याच्या खिडकीखालून दोनदा गेला होता. काकूनं दार हातानं वाजवलं, मग मुठीनं, मग शिंप्याच्या लोखंडी गजानं. शेवटी तो डोळे चोळत उठून आला.

"काय आग लागली का?"

"सकाळी पाणी प्यायलात?"

त्यानं कानातला कापूस काढला. "काय?"

"पाणी! सकाळी!"

"प्यायलो. कामावरून आलो, नळ चालू होता, जग भरला, प्यायलो आणि झोपलो. का?"

काकू आत शिरली. खोलीला एकच खिडकी, तीही पुठ्ठ्यानं झाकलेली. जग उशाशी होता. तिनं तो उजेडात आणला. वरचं पाणी नितळ होतं. तळाशी नखाएवढा तांबूस थर बसला होता.

"किती प्यायलात?"

"तहान होती तेवढं. पाणी कुणी मोजून पितं का?"

तिनं त्याला सांगितलं. पुन्हा तेच वाक्य, मी उलट्या बाजूनं फिरवली. तो जगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वस्तीत मी एकटाच?"

"एकटेच."

"कमाल आहे. लॉटरी कधी लागली नाही."

साहेबांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, पाण्यात घालून प्यायची पुडी दिली, आणि दुखलं, जुलाब झाले, ताप आला, तर वेळ न घालवता यायला सांगितलं. तोवर खोक्यातल्या बाटल्या संपल्या होत्या. एक बाटली शेजारच्या कचेरीतून संध्याकाळी आली, तेव्हा कुठं त्याच्या जगातलं पाणी तपासणीला लागलं. कचेरीच्या कपाटात, दिव्याच्या उबेत, ती सहावी बाटली इतर पाचांच्या शेजारी उभी राहिली.

त्या रात्री तो कामावर गेला नाही, साहेबांनीच फोन करून रजा मिळवून दिली. काकूनं झोपण्याआधी आणि सकाळी टाकीवर जाण्याआधी त्याचं दार वाजवलं.

"पोट कसं आहे?"

"जागेवर आहे."

दुपारी पुन्हा.

"काकू, माझ्या पोटाची एवढी चौकशी माझ्या आईनंही केली नाही."

"जेवलात?"

"जेवलो. तुमच्या सासूबाईंनी पाठवलं होतं. वर निरोप होता, उकळलेलं पाणी पाठवते तेच प्या, नळाचं नको. म्हणून ही बाटली."

काकूनं बाटलीकडे बघितलं. तिच्या घरात सासू पाणी उकळत होती, हे तिला इथं येऊन कळलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी फोन करून सांगितलं की नळाच्या पाचही बाटल्या पिवळसर आहेत आणि उद्यापर्यंतही तशाच राहतील असं दिसतंय. वस्तीत बातमी भोंग्याशिवायच पसरली. पाळणाघरवाल्या बाईंनी बाहेरच्या नळाचा खटका उघडला. वर कळवलेल्या प्रकरणावर अजून काही उत्तर आलेलं नव्हतं. काकूला कुणी कामावर येऊ नको म्हणालं नव्हतं, म्हणून ती जात होती.

अंधार पडायच्या सुमाराला पहारेकरी गणवेश घालून दारात आला. आज तो कामावर जाणार होता. काकू पायरीशी उभी होती.

"दुखतंय का कुठं?"

"नाही."

"ताप?"

त्यानं कपाळ पुढे केलं. तिनं हात लावून बघितलं. गार होतं.

"साहेबांना विचारलंत का," त्यानं दाराला कुलूप लावत विचारलं, "माझी बाटली काय म्हणते?"

"अजून पिवळीच आहे. ती उशिरा लागली. तिची वेळ उद्या संध्याकाळी पुरी होईल."

"मग उद्या संध्याकाळी या," तो म्हणाला आणि चालायला लागला.